चौदा जिन्नस आणि एक पापड

आपल्यात कुणी लहानसा धंदा काढला की त्याला मिळणारा सल्ला ठरलेला असतो. ‘अजून काहीतरी ठेव.’ पापड विकतेस ना, मग लोणचेही ठेव. लोणचे ठेवलेस तर मसाला का नको? अगरबत्तीला काय जागा लागते, तीही ठेव. सल्ला देणारे आपलेच असतात, मनापासून देतात आणि देऊन निघून जातात. माल मात्र फळीवर राहतो, आणि त्या मालात गुंतलेला पैसा कर्जाचा असतो.

मी पेशाने कारकून. बी.कॉम. झालो तेव्हा घरच्यांना वाटले होते की पोरगा बँकेत मोठा साहेब होईल. ते झाले नाही, पण हिशेबाची वही मात्र हाताला चिकटली ती कायमची. कचेरी सुटली की कारंज्यातल्या दोन-तीन वस्त्यांमधल्या बचत गटांच्या वह्या मी लिहून देतो. त्यातला एक गट माझ्या धाकट्या बहिणीचा. दहा बाया. कुणाचा नवरा जिनिंगमध्ये हंगामी, कुणाचा हमाल, कुणी स्वतःच निंदणाला जाणारी. बहिणीच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी दुकान मांडले होते. त्या दुकानाविषयी आज लिहायचे आहे, कारण तिथे जे पाहिले ते इतर वस्त्यांतल्या भगिनींच्याही कामी येईल असे वाटते.

सुरुवात उडदाच्या पापडापासून झाली होती. दोन वर्षांनी मी यादी केली तेव्हा फळीवर चौदा जिन्नस होते. उडदाचा पापड, मुगाचा पापड, ज्वारीचा पापड, कुरडया, शेवया, सांडगे, मुगवड्या, आंब्याचे लोणचे, लिंबाचे लोणचे, मिरचीचे लोणचे, काळा मसाला, तिखट, अगरबत्ती आणि मेणबत्त्या. दिवाळीच्या दिवसांत चिवडा-चकली वेगळी. एवढ्याशा खोलीत बरण्या, डबे आणि पोती इतकी झाली होती की माणसाला बसायला जागा उरली नव्हती.

या प्रत्येक जिन्नसाला एक माणूस चिकटलेला होता. लोणचे सुरू झाले ते नणंदेच्या हाताला चव आहे म्हणून. कुरडया एका म्हाताऱ्या आजीसाठी, कारण तिला दुसरे काही जमत नव्हते आणि कुरडई मात्र अशी घालायची की पाहत राहावे. अगरबत्ती कुणा पाहुण्याने अकोल्याहून आणून टाकली, ‘खपली की पैसे दे’ म्हणून. मेणबत्त्या १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि ६ डिसेंबर या तीन वेळा खपत, उरलेले वर्षभर उन्हाने वाकत. कोणतीही वस्तू ‘ही ठेवावी का?’ असा विचार करून आलेली नव्हती. भिडेने आली होती, आणि भिडेने आलेली वस्तू काढताना माणूस दुखावतो.

असे चालले असताना कर्जाचे हप्ते थकू लागले. गटाने ६० हजार उचलले होते. एकदा एका बाईने कानातले गहाण ठेवून सगळ्यांच्या वाटचा हप्ता भरला आणि ते कुणाला सांगितले नाही. बहिणीला कळले तेव्हा ती माझ्याकडे रडत आली. ‘भाऊ, दिवसभर दुकानात गिऱ्हाईक असते, आमचा हात रिकामा नसतो, मंग पैसा जाते कुठं?’ तिच्या प्रश्नात सगळा वाणिज्य शाखेचा अभ्यासक्रम आला.

पैसा कुठेच गेला नव्हता. तो खोलीतच होता. एका रविवारी आम्ही दोघांनी बसून सगळा माल मोजला, खरेदीच्या भावाने किंमत लावली. फळीवर ३८ हजारांचा माल होता आणि डब्यात रोख १,१४० रुपये. व्यापारात तोटा नव्हता, चोरी नव्हती, उधारीही फार नव्हती. पैसा लोणच्याच्या बरण्यांत, मिरचीच्या पोत्यात आणि वाकलेल्या मेणबत्त्यांत बसून होता.

मग मी तिला नफ्याऐवजी दिवस मोजायला सांगितले. कच्चा माल घेतल्यापासून रोख हातात येईपर्यंत किती दिवस लागतात, एवढेच प्रत्येक जिन्नसापुढे लिहायचे. उडदाच्या पापडापुढे पंधरा दिवस आले. आंब्याच्या लोणच्यापुढे? कैरी आणि तेल जूनमध्ये घेतलेले, शेवटची बरणी पुढच्या उन्हाळ्यात गेलेली, म्हणजे जवळजवळ वर्ष. तिचे म्हणणे होते की लोणच्यात नफा जास्त आहे. नफा जास्त होताच, ते खरे आहे. समजा, १० हजार रुपये लोणच्यात घातले आणि वर्षाने शेकडा ३० टक्के नफा झाला, तर ३ हजार मिळाले. तेच १० हजार पापडात घातले, शेकडा ८ टक्केच सुटले, पण पैसा पंधरा दिवसांनी परत आला आणि पुन्हा कामाला लागला, तर वर्षाला २४ फेऱ्या. दर फेरीला ८०० धरा, १९,२०० होतात. पावसाचे चार महिने सोडून दिले तरी १६ फेऱ्यांचे १२,८०० होतात. ज्याच्याकडे स्वतःची ठेव आहे त्याला वर्षभर थांबणे परवडते. ज्याचा पैसा कर्जाचा आहे आणि हप्ता महिन्याचा आहे, त्याने वर्षाने फळणारे झाड लावून कसे भागेल?

हा हिशेब ऐकून ती म्हणाली, ‘ते सारं खरं हाय, पण एवढं काढून टाकलं तं गिऱ्हाईक येईन काऊन?’

प्रश्न योग्य होता, आणि त्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत नव्हते. चौदा जिन्नस का झाले याचे खरे कारण भिडेपेक्षाही खोल होते. तिचे गिऱ्हाईक म्हणजे आमची वस्ती, फार तर शंभर-सव्वाशे घरे. त्या घरांना पापड किती लागणार? महिन्याला पाव किलो घेतले तर पुष्कळ. मग धंदा वाढवायचा कसा? त्याच घरांना अजून काहीतरी विकून. म्हणून लोणचे, म्हणून मसाला, म्हणून अगरबत्ती. गिऱ्हाइकांचे वर्तुळ वाढत नाही म्हणून मालाची यादी वाढते. आणि वर्तुळ का वाढत नाही, हे या पानाच्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको. कपड्याचे, सायकल दुरुस्तीचे दुकान आपल्या माणसाने बाजारात टाकले तर आता फारसे कुणी विचारत नाही. खाण्याचा जिन्नस म्हटला की अजूनही नाव-गाव विचारले जाते. बहिणीने बाजारपेठेत कधी पापड नेलाच नव्हता. ‘आपला कोण घेईन?’ एवढेच ती म्हणायची, आणि पुढचे बोलायची नाही.

त्या वेळी मी तिला लिज्जत पापडाची हकीकत सांगितली. नाव सर्वांना ठाऊक आहे, पण सुरुवात कशी झाली ते थोड्यांना.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला घेतले. जसवंतीबेन पोपट या त्यांच्यातल्या एक. पुढे २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भांडवल ८० रुपये, तेही उसने. ते दिले छगनलाल करमसी पारेख या सामाजिक कार्यकर्त्याने. त्यांना लोक छगनबाप्पा म्हणत. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. ती त्यांनी भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. तीन महिन्यांत लाटणाऱ्या बाया पंचवीसच्या आसपास झाल्या. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती.

यातली मला सर्वात मोलाची वाटते ती सुरुवातीची एक गोष्ट. या बाया आरंभी दोन प्रतींचे पापड करीत असत. एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायला. आपल्याला हे शहाणपणाचेच वाटेल; गरीब गिऱ्हाइकासाठी स्वस्त माल असावा, यात चूक काय? पण छगनबाप्पांनी त्यांना सांगितले की पापड एकाच प्रतीचा करा, प्रत कधी खाली येऊ देऊ नका, आणि हिशेब चोख ठेवा. म्हणजे आधीच एकच पदार्थ करणाऱ्या बायांनी त्यातलीही निम्मी यादी कापली. पाकिटावर काय आहे हे गिऱ्हाइकाला न उघडता कळू लागले. नाव तर नंतर आले. १९६२ साली स्पर्धा ठेवून ‘लिज्जत’ हे नाव निवडले, त्याचे बक्षीस ५ रुपये. आज या संस्थेत ४५ हजारांच्या आसपास भगिनी आहेत. प्रत्येक जण मालकीण, आणि पुरुषाला तिथे सभासद होता येत नाही. माझ्यासारखे हिशेबनीस आणि गाड्या हाकणारे पगारावर.

माझ्या बहिणीने हे सगळे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, ‘त्याईले व्यापारी ओळखीचा होता ना?’ होता. हा फरक आपण विसरू नये. ८० रुपये उसने मिळणे जेवढे मोठे, तेवढाच भुलेश्वरच्या बाजारात माल घेणारा ओळखीचा माणूस असणे मोठे. आमच्या गटाला बँकेने ६० हजार दिले, पण ओळखीचा व्यापारी कोणतीही बँक देत नाही. लिज्जतच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ लोक ८० रुपयांवर येऊन थांबतात आणि ‘बघा, इच्छा असली की होते’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही.

तरीसुद्धा त्या गोष्टीत आमच्या उपयोगाचे एक सूत्र होते. ओळखीचा व्यापारी नसेल तर व्यापाऱ्याने आपल्याला ओळखावे असा माल हवा. चौदा जिन्नस घेऊन अनोळखी दुकानदाराकडे गेलेली बाई फेरीवाली ठरते. एकच जिन्नस, दर वेळी त्याच वजनाचा, त्याच चवीचा घेऊन गेली तर तिसऱ्या खेपेला दुकानदार तिला ‘ती पापडवाली’ म्हणून ओळखतो.

गटाची बैठक झाली. चार तास चालली, दोनदा मोडली. शेवटी ठरले ते असे: मूग-उडदाचा, मिरे घातलेला एकच पापड, एकाच आकाराचा, पाव किलोच्या पाकिटात. बाकी तेराही जिन्नस बंद. उरलेला माल खरेदीच्या भावात काढायचा. अगरबत्ती आणि मेणबत्त्या १४ एप्रिलच्या आठवड्यात गेल्या. लोणचे दहा जणींनी वाटून घेतले.

आणि कुरडयांवाली आजी? तिच्याविषयी बैठकीत कुणाच्याच तोंडून शब्द निघेना. आजी स्वतःच म्हणाली, ‘मले काय, मी पापड वाळू घालीन, पाखरं हाकलीन.’ आता ती वाळवण आणि मोजणी पाहते. पैसे पूर्वीपेक्षा जास्त मिळतात. पण ‘मन नाई लागत बाप्पा’ असे ती मला दोनदा म्हणाली आहे. चैत्रात लग्नाच्या रुखवतासाठी कुणी कुरडया सांगितल्या तर ती स्वतःच्या हिशेबात करून देते, गटाच्या नाही. धंदा सुटसुटीत करताना माणसाचे कसब कापले जाते, ही गोष्ट हिशेबाच्या कोणत्याही रकान्यात येत नाही. यावर काय करावे, हे मला अजून सुचलेले नाही.

पहिले दोन महिने वाईट गेले. वस्तीतली गिऱ्हाइके येत, बरण्या नाहीत पाहून परत जात. विक्री जवळजवळ निम्म्यावर आली. मला तेव्हा अमेरिकेतल्या दोन भावांची हकीकत माहीत होती म्हणून धीर धरता आला. मॅकडोनाल्ड हे नाव आता आपल्या पोरांच्याही तोंडी आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो या गावी या भावांनी १९४० साली हॉटेल काढले. यादी मोठी, नोकर पुष्कळ, गिऱ्हाईक मोटारीत बसून राही आणि पोरी तिथे ताट नेऊन देत. हॉटेल बरे चालत होते. पण हिशेब पाहता त्यांच्या ध्यानात आले की बहुतेक विक्री एकाच पदार्थाची आहे, म्हणजे मांसाची टिक्की घातलेल्या पावाची, हॅम्बर्गरची. १९४८ साली त्यांनी चालते हॉटेल काही महिने बंद ठेवले आणि यादी नऊ पदार्थांवर आणली. ताट-वाट्या काढून कागदात बांधून द्यायला सुरुवात केली, म्हणजे धुणाऱ्यांचे काम गेले. मोटारीपर्यंत नेऊन देणे बंद झाले. हॅम्बर्गरची किंमत १५ सेंट केली. पहिल्या दिवसांत त्यांचेही गिऱ्हाईक तुटले. लोक येऊन भोंगे वाजवत बसत आणि कुणी बाहेर येत नाही पाहून निघून जात. मग हळूहळू रांगा लागल्या. ते दोघे भाऊ आपल्यासारखे कर्जात बुडालेले नव्हते, त्यामुळे त्यांना थांबणे सोपे गेले, हेही खरे. आमच्या गटाने ते दोन महिने मालाच्या विक्रीतून सुटलेल्या रोख पैशांवर काढले. मालच मोडला नसता तर हप्ता भरायला आणखी कुणाचे तरी कानातले गेले असते.

या दोन महिन्यांतच बहीण बाजारात गेली. त्यातली पाकिटाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. बंद पाकिटातला खाण्याचा माल विकायचा तर करणाऱ्याचे नाव आणि पत्ता त्यावर छापावा लागतो, तसा नियमच आहे. गटाचे नाव साधे होते, पण पत्त्यात वस्तीचे नाव येणार, आणि वस्तीचे नाव वाचले की कुणाला काय कळायचे ते कळते. एकीने सुचवले की पत्ता माझ्या कचेरीजवळच्या एखाद्या खोलीचा द्यावा. तीही सोयच होती. बहिणीने नकार दिला. ‘लपून विकला आन् उद्या कळलं, तं पापड पडीन,’ ती म्हणाली. वस्तीचे नाव छापले, तेही चांगल्या ठळक अक्षरांत.

पहिल्या दुकानदाराने पाकीट हातात घेतले, उलटून पत्ता वाचला आणि ‘आमच्याकडे माल भरपूर आहे’ म्हणाला. दुसऱ्याने वाचलाच नाही. पाच पाकिटे उधारीवर ठेवून घेतली. आठवड्याने पुन्हा मागितली. तिसरे गिऱ्हाईक म्हणजे बसस्टँडजवळची एक खानावळ, आणि खरा धंदा तिथून उघडला. खानावळवाल्याने वस्तीचे नाव विचारले नाही, त्याने विचारले, ‘किलोत किती बसतात?’ त्याला ताटात एक पापड वाढायचा असतो. किलोत कधी इतके, कधी तितके बसले तर त्याचा हिशेब कोलमडतो. आकार एक, जाडी एक, म्हणून बहिणीला आकडा छातीठोकपणे सांगता आला. चौदा जिन्नस करीत असताना तिला तो कधीच सांगता आला नसता, कारण तेव्हा ज्या बाईला वेळ मिळेल ती लाटायची आणि प्रत्येकीचा हात वेगळा. खानावळीमागोमाग लग्नाचे स्वयंपाक करणारे आचारी आले. त्यांनाही मोजकाच माल लागतो आणि मोजून लागतो.

गटातली भांडणेही यातून कमी झाली, हे मला आधी दिसले नव्हते. पूर्वी कुणी मसाला कुटायची, कुणी लोणच्याला बसायची, कुणी शेवया वळायची, आणि महिनाअखेरीला कुणाचे काम किती धरायचे यावरून तोंडे वाकडी व्हायची. आता लाटणीचा दर किलोवर आहे. लाट्या मोजून घेऊन जायच्या, पापड मोजून द्यायचे, नाव लिहून पैसे घ्यायचे. पाचवी शिकलेली बाईसुद्धा स्वतःचा हिशेब स्वतः तपासते. कानातले सुटून आले.

दुसऱ्या वर्षी उडदाचा भाव चढला, तेव्हा खरी परीक्षा झाली. एक बाई म्हणाली, बाजारासाठी आहे तसाच करू, वस्तीसाठी थोडे तांदळाचे पीठ मिसळून हलका करू, आपल्या लोकांना स्वस्त पडेल. गिरगावच्या गच्चीवरचा १९५९ सालचा प्रश्न कारंज्यात येऊन उभा राहिला! मी काही बोलायच्या आत बहीण म्हणाली, ‘आपल्याच लेकराईले हलका कायले?’ पापडाचा भाव वाढवला, सगळ्यांसाठी सारखा. वस्तीतली काही घरे तुटली, त्यातली निम्मी परत आली.

प्रत एक ठेवण्याचे मोल कारंज्याच्या माणसाला खरे तर समजावून द्यायला नको. हिंदुस्थानातली पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून ज्या कापसाच्या बाजाराचे नाव घेतात तो १८८६ साली आमच्याच गावात सुरू झाला. इथला प्रत्येक शेतकरी जाणतो की गाडीत वरून पांढरा आणि आत ओला, कवडीचा कापूस भरला तर व्यापारी हात घालतो आणि सगळ्या गाडीचा भाव पाडतो. पाकिटाचेही तसेच. दहा पाकिटांत एक वाईट निघाले तर नऊ चांगली कुणाला आठवत नाहीत, आणि पत्ता ठळक छापलेला असला की आधी तोच आठवतो.

पावसाळ्याचे कोडे मात्र अजून पुरते सुटलेले नाही. लिज्जतच्या बायांनाही पहिल्या वर्षी पावसामुळे चार महिने काम बंद ठेवावे लागले होते. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. आमच्या गटाने तेच बाजेवर करून पाहिले. वाळतो, पण खोलीत जेवढ्या बाजा मावतात तेवढाच, आणि आच जरा जास्त झाली की कडा वळतात. निम्मे काम चालते, एवढे म्हणता येईल. एकाच जिन्नसावर उभ्या राहिलेल्या धंद्याची ही दुखरी बाजू आहे. आषाढात हात रिकामे राहतात, तेव्हा बंद केलेल्या मसाल्याची आठवण सगळ्यांना येते, मलासुद्धा.

इथे एक खुलासा करतो, नाहीतर कुणी भलताच अर्थ घेईल. आमच्या एका नातलगाचे वस्तीत किराणा दुकान आहे. हे सारे पाहून त्यानेही निम्मा माल कमी करायचे मनात आणले. मी त्याला अडवले. वस्तीतला किराणा चालतो तोच मुळी सगळे असते म्हणून. दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची साखर, रात्री नऊला लागलेली गोळी-बिस्किटे. तिथे माणूस दुकानात येतो, जिन्नसासाठी नाही. जो स्वतः माल तयार करतो आणि दुसऱ्याच्या दुकानात पाठवतो त्याचे गणित निराळे. शिलाईकाम करणारी बाई फक्त शाळेचे गणवेश घेऊ शकते, केटरिंगवाला फक्त पोहे-उपमा करू शकतो. किराणावाल्याने तसे करू नये.

लिज्जतने पुढे मसाले काढले, कपडे धुण्याची पावडर काढली. चामड्याचे काम, आगपेट्या, अगरबत्त्या यांचे त्यांचे प्रयोग मात्र फसले. त्याआधी १९६१ साली मालाडला काढलेली शाखाही चालली नव्हती. पण मसाले १९७६ सालचे, पावडर १९८८ सालची, म्हणजे पापड घट्ट रुजल्यावर सतरा आणि एकोणतीस वर्षांनी. दुसरा जिन्नस कधीच घेऊ नये असे कुणी म्हणत नाही. पहिला जिन्नस स्वतःच्या पायावर उभा आहे का, एवढे पाहायचे.

आणि हाच प्रश्न या आठवड्यात आमच्यापुढे आला आहे. मूर्तिजापूरच्या एका आचाऱ्याने लसणाचा पापड मागितला आहे, महिन्याला वीस किलो, पैसे रोख. बहिणीचे मन नाही. ती म्हणते लसणाचा वास त्याच पाटा-लाटण्याला लागला की मिऱ्याच्या पापडात उतरतो. दोघीतिघींना वाटते की रोख गिऱ्हाईक सोडू नये, आणि आजीने हळूच विचारले आहे की मग कुरडयांचे काय. येत्या रविवारी दुपारी बैठक आहे. गेल्या दोन वर्षांच्या फेऱ्यांचा हिशेब मी काढून ठेवला आहे, वही घेऊन जाईन. गटात मला मत नाही.